धरणाखाली गेलेल्या गावची बोली

गेनोवेफाने मूठभर मीठ पिंपातल्या कोबीवर भिरकावलं आणि सुनेकडे न बघताच म्हणाली, "बारीक कीस. गुरांना घालायचाय का?"

हालिनाने किसणीवरचा हात हलका केला. मेजापलीकडे क्राकूव शहरातून बोली नोंदवायला आलेली एव्हेलिना आवाज टिपायचं यंत्र मांडून बसली होती. हालिनाचं माहेरचं गाव धरणात बुडालं होतं. तिथली बोली येणारी आता ती एकटीच उरली होती.

"या गाईबद्दल सांगा," एव्हेलिनाने चित्र पुढे केलं. "माहेरी सांगाल तसं."

"ही ती गाय, क्तुरा हरवली." हालिना परीक्षेला बसल्यासारखी बोलली.

"माहेरी 'जी'साठी 'क्तुरा' म्हणायचे?"

हालिनाने आधी सासूकडे पाहिलं. "आता हेच घर माझं."

"'त्सो' म्हणायचे," गेनोवेफा मध्येच बोलली. "गाय, त्सो हरवली. अडाणी बोलणं! मीच सोडायला लावलं ते."

"अडाणी कसलं, आजी? 'त्सो' म्हणजे 'काय', 'क्तुरा' म्हणजे 'कोणती'. दोन्ही मुळात प्रश्नाचेच शब्द. लोकांनी वाक्यं जोडायला घेतले. सख्ख्या बहिणी म्हणा."

गेनोवेफाची मूठ मिठातच राहिली.

लग्नाच्या पंगतीत नवी नवरी हालिना "नवरा, त्सो मला मिळाला" म्हणाली होती. तेव्हा गेनोवेफानेच पाहुण्यांसमोर कोंबडीगत मान हलवून "त्सो-त्सो-त्सो" केलं होतं. पंगत हसून लोळली. त्यानंतर तीस वर्षं सून तोलूनमापून बोलली आणि सासू गावभर सांगत सुटली, आमची सून गरीब गाय.

सासूसमोर हालिनाच्या तोंडून 'त्सो' निघणार नाही हे ओळखून एव्हेलिना यंत्राची वायर गुंडाळू लागली.

"राहू दे गं ते," गेनोवेफाने काठी ओढली. "झाडाखाली आलुबुखार पडलेत, बघून येते."

"आई, बाहेर गारठा आहे. शाल तरी..."

"तू बोल. माझे कान मी बाहेर नेते."

ती अंगणातल्या बाकावर बसली.  आतून एक आवाज आला, भरभर, झऱ्यासारखा, तिच्या घरात कधीच न ऐकलेला. मध्येच खुदकन हसलासुद्धा.

"एक सासू होती, त्सो..."

गेनोवेफाचे कान टवकारले. बोटांच्या भेगांत मीठ झोंबत होतं. पुढचा शब्द यायच्या आत ती उठली आणि रस्त्याने चालू लागली, आवाज पोचणार नाही इतक्या लांब.