काढून टाकण्याआधी

पायाला भिंगरी लागल्यासारखी ती सतत फिरत असायची, म्हणून बालगृहात तिचं नावच भिंगरी पडलं. जेवता जेवता उठायची, अभ्यासाला बसली की खिडकीशी जायची, आणि रांगेत उभी केली तर अख्खी रांग हलवायची. बारावी झाली, वयाची अठरा वर्षं पूर्ण झाली, आणि नियमाप्रमाणे तिला बालगृह सोडावं लागलं. निघताना मोठ्या बाई म्हणाल्या, "आता आपल्या पायावर उभी राहा गं."

"उभं राहणंच तर मला जमत नाही, बाई," भिंगरी म्हणाली. सगळ्या हसल्या. तीही हसली.

अशा मुलामुलींना बाहेरच्या जगात रुळायला मदत करणारी एक संस्था होती. तिथल्या ताईंनी तिला एक खोली मिळवून दिली. सोबत लंबू होती. त्याच बालगृहातली, तिच्या आधी बाहेर पडलेली, आता एका दवाखान्यात चादरी धुण्याच्या विभागात काम करणारी. बँकेत खातं कसं उघडायचं, डॉक्टरला दुखणं कसं सांगायचं, घरमालकाशी गोड पण ठाम कसं बोलायचं, हे सगळं ताईंनी दोघींना शिकवलं होतं. पण रविवारची अख्खी दुपार समोर पसरली की तिचं काय करायचं, हे काही कुणी शिकवलं नव्हतं. एकदा भिंगरी साबण आणायला गेली. बालगृहात एकच साबण असायचा. इथे भिंतभर साबण होते. ती बराच वेळ उभी राहिली आणि रिकाम्या हाताने परत आली.

"साबण आणायला गेली होतीस की नवरा पसंत करायला?" लंबूने विचारलं.

कामाचंही तसंच. आधी ती एका बेकरीत लागली. हात चलाख, बोलणं गोड. पण एका संध्याकाळी मालक म्हणाला, "उद्या जरा लवकर ये, तुझ्याशी बोलायचंय." भिंगरी दुसऱ्या दिवशी गेलीच नाही. तिला गल्ल्यावर बसवायचं त्याच्या मनात होतं, हे नंतर कळलं. मग एका पार्सलच्या ऑफिसात लागली. तिथे साहेबाने तिच्याकडे बघून नुसती मान हलवली, तर हिने संध्याकाळी ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि चालती झाली.

ताई चिडल्या नाहीत, हीच पंचाईत होती. चिडल्या असत्या तर भिंगरीला दार आपटून निघून जाता आलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "तू कामाला कंटाळतेस असं मला वाटत नाही. दुसरंच काहीतरी आहे. कळलं की सांग." आणि त्यांनी तिसरं काम शोधलं.

हे काम चष्म्याच्या दुकानात होतं. पुढे काउंटर, मागे लहानशी कार्यशाळा. दुकानाचे मालक पोट सुटलेले, बोलके; सगळे त्यांना चष्मेवाले काका म्हणत. तिचं नाव ऐकून ते खूश झाले. "भिंगरी! अगं, मग तू भिंगांच्या दुकानात नाही तर कुठे येणार? ये, बस."

बसायचं नव्हतंच, उभ्याने काम होतं. गोल भिंग यंत्राच्या फिरत्या चाकावर धरायचं, वरून पाण्याची धार, आणि कडा घासत घासत ते फ्रेमच्या आकाराचं करायचं. जरा जास्त घासलं तर फ्रेममध्ये खुळखुळतं, कमी घासलं तर बसत नाही. काकांनी आधी टाकाऊ काचांवर हात बसवून घेतला. भिंगरीच्या हातांची सगळी चुळबुळ त्या चाकाने खेचून घेतली. दुपारची संध्याकाळ कधी व्हायची ते तिला कळायचं नाही.

पण काम आवडायला लागलं तशी तिची धडधड वाढली. काका फोनवर हळू बोलले की तिला वाटायचं, आपल्याबद्दलच. त्यांनी हाक मारली की हातातलं टाकून ती दाराकडे बघायची. लंबू म्हणायची, "सुख टोचतंय तुला."

आणि एक दिवस व्हायचं तेच झालं. कोपऱ्यावरच्या घड्याळजींचा चष्मा आला होता. म्हातारबुवांचा नंबर इतका जबर की त्यांची काच खास बनवून मागवावी लागायची, आणि ती यायला फार वेळ लागायचा. चष्म्याविना त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद होतं. काका बाहेर गिऱ्हाइकात अडकले होते, म्हणून त्यांनी ते काम भिंगरीवर सोपवलं. डावी काच झकास बसली. उजवी फ्रेममध्ये बसवताना तिने अंमळ जास्त दाबली, आणि टचकन आवाज झाला. काच आरपार तडकली.

भिंगरीने एप्रन खुंटीला लावला. फुटकी काच रुमालावर ठेवली. आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

रस्त्यावर येताच तिने फोन बंद केला. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. पाय चालत होते. बाजार मागे पडला, पूल मागे पडला. मग ती समोर आलेल्या बसमध्ये चढली आणि थेट मावशीच्या दारात जाऊन उभी राहिली. आई गेल्यावर याच मावशीने तिला "थोडे दिवस" म्हणून बालगृहात ठेवलं होतं.

"अगबाई, तू!" मावशी म्हणाली. "केवढी झालीस! ये ना." पाणी दिलं. चहा दिला. पण आतल्या खोलीचं दार तिने हळूच ओढून घेतलं, आणि बोलता बोलता दोनदा म्हणाली, की घर फार लहान पडतं, आणि पाहुणे यायचेत. भिंगरीने काही मागितलंच नव्हतं. चहा संपल्यावर मावशी दारापर्यंत आली, तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "येत जा हं." हात मायेचा होता, खोटा नव्हता. तेच जास्त लागलं.

परत येईपर्यंत दिवस कलला होता. खोलीच्या जिन्यावर ताई बसल्या होत्या, पायातली चप्पल काढून, पाय चोळत.

"काकांनी तुम्हाला पाठवलं?" भिंगरीने खालूनच विचारलं.

"त्यांनी फोन केला. म्हणाले, पोरगी न सांगता गेली, हाताला काच तर लागली नाही ना? बाजारात शोधलं, बेकरीत शोधलं. मग पाय बोंबलायला लागले म्हणून इथे बसले. हात दाखव."

भिंगरीने हात दाखवला. काही लागलं नव्हतं. मग ती एक पायरी सोडून बसली, उठली, परत बसली.

"कंटाळून नाही जात मी," ती म्हणाली. "काढून टाकतील ना, त्याच्याआधी जाते. कुणी जा म्हणायच्या आधी आपण गेलेलं बरं. कमी लागतं."

"कमी लागतं?"

भिंगरी चपलेचा पट्टा ओढत राहिली. "नाही," ती शेवटी म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

ताईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "काका उद्या तुला ठेवतील की नाही, ते मला माहीत नाही. मी त्यांना विचारलं नाही आणि गळही घालणार नाही. ते तू जाऊन ऐकायचंस. काढलं, तर आपण नवीन काम शोधू, मी आहेच. पण ऐकून यायचं. मधेच पळायचं नाही."

"आणि बोलले तर?"

"तर बोलणी खायची. त्याने कुणी मरत नाही. मी रोज खाते, साहेबांची, घरमालकांची. बघ, वजन वाढलंय माझं."

सकाळी भिंगरी दुकानासमोर दोन वेळा येऊन परत फिरली. तिसऱ्यांदा काकांनीच तिला काचेतून पाहिलं आणि बोटाने बोलावलं.

"काच फुटली म्हणून पळालीस?" ते म्हणाले. "काच फोडणारा पळायला लागला, तर मी कधीच देशोधडीला लागलो असतो! काच फुटतेच. पण मागचं दार उघडं टाकून गेलीस, त्याचं काय? दुकानात कुत्रं शिरलं!" मग ते गंभीर झाले. "नवी काच मागवलीय. पण काय झालं ते घड्याळजींना सांगायला तूच जायचंस. मी सोबत येणार नाही."

घड्याळजी बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते. भिंगरीने एका दमात सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने कान देऊन ऐकलं, आणि मग जो तोंडाचा पट्टा सुरू केला, तो काही विचारू नका. तिचा धसमुसळेपणा, काकांचा आळस, आजकालची पोरं, कुणालाही सोडलं नाही. "हात आहेत की मुसळं? माझ्या खोक्यात लोकांची घड्याळं पडलीत, त्यांना काय तुझं तोंड दाखवू?" येणारेजाणारे थांबून बघायला लागले. भिंगरीचे पाय जागच्या जागी चुळबुळत होते, टाचा उचलल्या जात होत्या. तिने दोन्ही हातांनी दुकानाची कडी घट्ट धरली आणि ती उभी राहिली. ती कडीच तिला धरून होती म्हणा.

शेवटी घड्याळजींचा दम संपला. "अजून इथेच?" त्यांनी डोळे बारीक करून विचारलं.

"हो. तुमचं झालं का, आजोबा?"

म्हातारा चाचपडत पायरीवरून उठला. मग म्हणाला, "झालं. आता हात धर, मला रस्ता ओलांडायचाय. काही दिसत नाही."

काच आली, तेव्हा काकांनी ती भिंगरीपुढेच ठेवली आणि स्वतः पलीकडे जाऊन उगाच फडकी झटकत बसले. तिने चाक सुरू केलं, थांबवलं, हात पुसले, परत सुरू केलं. काच घासून होईपर्यंत तिने श्वाससुद्धा बेताने घेतला. फ्रेम किंचित शेक देऊन सैल केली आणि काच अलगद आत सरकवली. आवाज झाला नाही.

दुपारी घड्याळजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. तिच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. "अगदीच लहान आहेस की," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, घोडी असशील. आणि हे नाकाला टोचतंय."

"इकडे द्या," भिंगरी म्हणाली. तिने एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला, चिमटा उचलला, आणि चष्मा दिव्याखाली धरला.