जास्वंदीवरचं पीठ

सुरुवातीला मला वाटलं, पीठच आहे.

माझी सकाळ ठरलेली. आंघोळ, देवपूजा, मग मूठभर कणीक आणि चिमूटभर साखर वाटीत घेऊन मी छतावर जाते. तिथे पाण्याच्या टाकीखाली भिंतीला भेग आहे आणि त्या भेगेत मुंग्या राहतात. त्यांना ती कणीक घालायची. इकडचे लोक ह्याला कीडीनगरा म्हणतात. आमच्या माहेरी असलं काही नव्हतं, ही माळव्याची रीत. आमचे हे, म्हणजे नारायणराव, देवासला टेकडीखाली शिवणकामाचं दुकान चालवायचे. शेजारच्या किराणावाल्या सेठचं बघून शिकले आणि मग चाळीस वर्षं मुंग्यांना घातल्याशिवाय मशीनला पाय लावला नाही. हे गेले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून वाटी माझ्या हातात आली. एक दिवस चुकवला नाही. ताप असला तरी रांगत जिने चढले आहे.

टाकीच्या बाजूलाच अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये माझी जास्वंद आहे. साधी लाल नाही. गुलबट पाकळ्या आणि मधोमध कुंकू लावल्यासारखा ठिपका. माझे वडील, तात्या, धारला सरकारी बागेत माळी होते, त्यांच्या हातची. लग्नानंतर पहिल्या माहेरपणाहून येताना फांदी आणली. झाड म्हातारं झालं की त्याचीच फांदी पुन्हा लावायची, असं करत तीन घरं बदलली तरी टिकवली. नर्सरीवाले बघून जातात आणि म्हणतात, "माताजी, ये कहाँ से लाए?" मी सांगते, "तुमच्याकडे नाही मिळणार."

तर यंदा चैत्रात वारं सुटलं आणि जास्वंदीच्या देठांवर पांढरं दिसायला लागलं. म्हटलं, माझ्या मुठीतली कणीक उडून बसली. मुंग्याही झाडावर चढताना दिसल्या. म्हटलं, पिठामागे आल्या. मला कौतुकच वाटलं. जेवा बायांनो, वर बसून जेवा!

आठ दिवसांनी माझी सून मोना कपडे वाळत घालायला आली. वाकली, बोट लावलं आणि किंचाळली.

"आई, हे पीठ नाहीये! हे चालतंय!"

तिनं मोबाइलमध्ये फोटो काढून शोधलं. पिठ्या ढेकूण. रस पिऊन झाडाला मारतो. मी तिथल्या तिथे निकाल दिला. महिन्यापूर्वी मोनानं नर्सरीतून रंगीत पानांचं क्रोटन आणलं होतं, तीनशे रुपयांचं. फूल नाही, फळ नाही, वास नाही.

"तुझ्या त्या नटव्या झाडानं आणली ही पीडा."

"त्याच्यावर तर एक पण कीडा नाहीये, आई."

"त्याच्यावर कशाला राहील? चांगलं खायला माझं मिळालं ना!"

मोना इंदूरची, शिकलेली, पण उलट बोलत नाही. गाल तेवढे फुगवते. तिनं क्रोटन उचललं आणि शेजारच्या सावित्रीबाईंना देऊन आली. मला वाटलं, मिटलं.

काय मिटतंय! मी तंबाखू भिजवून त्याचं पाणी मारलं. साबणाच्या पाण्यानं एकेक पान पुसलं, बाळाचं अंग पुसावं तसं. निंबोळीचं तेल लावलं, साऱ्या छतावर वास. मोनानं फवारा आणला, तोही मारला. चार दिवस झाड स्वच्छ दिसायचं आणि पाचव्या दिवशी पुन्हा पानांच्या काखेत काखेत पांढरं. कळ्या उमलायच्या आधी गळायला लागल्या. पानं चिकट झाली, त्यांच्यावर काजळी धरली. मग ते मोनाच्या मिरच्यांवर गेलं आणि तिचा धीर सुटला.

"आई, आता बस. येत्या इतवारी ह्यांना सुट्टी आहे. जास्वंद मुळापासून काढून जाळून टाकू. नाहीतर मिरच्या, कढीपत्ता, सगळं जाईल."

माझा मुलगा अंशुल कंपनीतून थकून येतो. त्याला झाडाचं काही पडलेलं नाही. तो म्हणाला, "आई, दूसरी ले आएँगे ना."

दुसरी! मी त्याच्याकडे असं बघितलं की तो ताट घेऊन टीव्हीसमोर गेला.

दुसरी कुठून आणणार? धारला माझी धाकटी बहीण दुर्गा असते. तात्यांचं मूळ झाड तिच्या दारात होतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलानं अंगणात फरशी बसवली, त्यात गेलं. दुर्गा महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. आता मुलानं तिच्यासाठी एक कोपरा उघडा ठेवलाय आणि तिनं संक्रांतीलाच मला सांगून ठेवलं होतं, "ताई, पाऊस लागला की मी येते. एक फांदी दे. तात्यांची जास्वंद धारला परत लावते." मी म्हटलं होतं, एक काय, चार ने. आता ह्या जगात ते एकच झाड उरलेलं, ते माझ्या ड्रममध्ये, आणि ते इतवारी जळणार.

शुक्रवारी दुपारी मी छतावर टाकीच्या सावलीत बसले होते. समोर सावित्रीबाईंच्या कठड्यावर ते क्रोटन. लाल-पिवळं, तजेलदार, एक डाग नाही. इतके दिवस बघत होते आणि मनात जळत होते. त्या दिवशी मात्र वाटलं, सुभद्रे, रोग ह्यानं आणला असता तर हे आधी मेलं असतं.

खाली जाऊन ह्यांचं सुई ओवायचं भिंग आणलं आणि जास्वंदीच्या शेंड्याशी धरलं.

काय बघितलं ते सांगते. एक मुंगी येत होती. मांजर पिल्लाला तोंडात धरून नेते ना, तसं तिनं तोंडात पांढरं इवलंसं काही धरलं होतं. कोवळ्या डिरीपाशी आली, खाली ठेवलं आणि परत गेली. मागून दुसरी आली, तिच्याही तोंडात तेच. तिकडे जुन्या देठावर चार मुंग्या त्या पिठ्यांच्या पाठी मिशांनी कुरवाळत होत्या. कुरवाळलं की मागून थेंब यायचा, तो त्या पिऊन टाकायच्या. गोठा होता, गोठा! मी धुवायचे आणि ह्या नवी जनावरं आणून बांधायच्या. भिंग सरकवत त्यांची रांग मागे मागे बघत गेले. फांदी, खोड, ड्रमची कड, भिंत, टाकी, भेग. भेगेच्या तोंडाशी माझी सकाळची कणीक पडलेली.

हातातलं भिंग मी मांडीवर ठेवलं.

मला धार आठवली. लग्नानंतरचं पहिलं माहेरपण. सतरा वर्षांची होते आणि नवरा मिळाल्याचा तोरा असा की धारच्या गल्लीतून चालताना मान खाली करीना. तात्यांच्या घरच्या बागेला विहिरीचं पाणी होतं. निशिगंध, शेवंती, गुलाब, कडेनं जास्वंदीची रांग. तात्या पहाटे एकेका झाडाशी उकिडवे बसून पान उलटं करून बघायचे. मी आणि दुर्गी मागे चुलीतल्या राखेचं टोपलं घेऊन. पोरींना गोष्टी सांगतात, तसं ते आम्हाला किडी दाखवायचे. हा मावा, हा लाल कोळी, ही पानं गुंडाळणारी अळी. मला सगळं पाठ होतं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी हे उठले, माझ्या आईकडून कणीक मागून घेतली आणि जास्वंदीच्या बुंध्याशी मुंग्यांना घालायला बसले.

तात्या लांबून धावत आले. हातात खुरपं.

"जावईबापू, माझ्या बागेत मुंग्यांची पंगत नको!"

हे बिचारे वाटी हातात घेऊन तसेच उभे. म्हणाले, "तात्या, पुण्याचं काम आहे."

"पुण्य रस्त्यावर करा. इथे मी माझी पोरं वाढवतोय."

मला असा राग आला! माझ्या नवऱ्याला मूठभर पिठासाठी बोलले. मी म्हटलं, तात्या, तुमच्या घरची कणीक संपत असेल तर सांगा, देवासहून पाठवून देऊ. हे मी बोलले, सतरा वर्षांची पोर, बापाला. आई पदर तोंडाला लावून आत गेली. तात्या खुरपं घेऊन झाडांकडे वळले. आम्ही चार दिवस आधी निघालो. मोटारीत बसताना तात्यांनी ओल्या पोत्यात गुंडाळलेली फांदी माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाले, "उन्हापासून जप." मी नीट बघितलंही नाही त्यांच्याकडे. दोन वर्षांत ते गेले. आणि मी ते चिक्कू होते असं मनात धरून इतकी वर्षं काढली.

एक वेळ वाटलं, गप्प बसावं. बघितलं कोणी? उद्यापासून कणीक घालायची नाही, बस. पण इतवार तोंडावर आला होता. मोनाला कारण सांगितल्याशिवाय ती झाड ठेवू देणार नव्हती आणि कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार.

संध्याकाळी ती भाजी निवडत होती. मी समोर जाऊन बसले. मेथीची जुडी ओढून घेतली.

"मोना, झाड जाळायचं नाही."

"आई, आपलं ठरलंय."

"ठरलंय. पण कीड तुझ्या क्रोटननं आणली नाही. मुंग्या वाहतात ती. आणि मुंग्या मी पोसल्या."

तिनं मान वर केली. मी भिंगातून जे बघितलं ते सगळं सांगितलं, तात्यांचंही सांगितलं. तिनं मध्येच मोबाइल काढला, वाचलं आणि ठेवून दिला.

"खरंय. मुंग्या बंद केल्या तर दवा लागू पडेल."

"हूं."

"म्हणजे माझं झाड फुकट घराबाहेर काढलंत."

"काढलं."

"आणि मला महिनाभर ऐकवलंत."

"ऐकवलं. आता तू ऐकव. पण झाड छाटायचंय, कात्री चालवता चालवता ऐकव, उशीर नको."

ती हसली नाही. उठली, हात धुतले आणि म्हणाली, "सकाळी. आत्ता दिसणार नाही, एक पण राहिला तर पुन्हा सगळं." मला तिचं ते आवडलं. तात्या असंच म्हणाले असते.

शनिवारी आम्ही दोघींनी जास्वंद छाटली. कळ्यांसकट, डिऱ्यांसकट, हातभर उंचीची चार खुंटं ठेवली. मोना विचारायची, "ही पण?" मी म्हणायचे, "ही पण." छाटलेलं सगळं पिशवीत बांधून खाली नेऊन जाळलं. खुंटं जुन्या ब्रशनं साबण लावून घासली, सालीच्या भेगा न् भेगा. मग पूर्वी दुधाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचो, ते मला आठवलं. इतवारी अंशुलकडून ड्रम भिंतीपासून लांब सरकवून तीन विटांवर चढवला आणि प्रत्येक विटेखाली पाण्याची थाळी.

"आई, कमर गई मेरी," अंशुल म्हणाला.

"चाळीस वर्षांचा नाहीस अजून, आणि कमर?"

मोना म्हणाली, "बघितलं ना, आता तुमचा नंबर. मी सुटले."

सोमवारी सकाळी सवयीनं डब्यातून कणीक काढली, साखर मिसळली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबले. ह्यांच्या हातातून आलेली एकच गोष्ट मी चालवत होते. ती बंद केली तर ह्यांना घरातून उठवल्यासारखं होईल. घातली तर तात्यांना दुसऱ्यांदा बोलल्यासारखं. मग वळले आणि रस्त्यावर गेले.

गल्लीच्या टोकाला एक प्लॉट मोकळा आहे, तिथे कडुनिंब. त्याच्या मुळाशी कणीक घातली आणि बाजूला दगडावर बसले. तिथल्या मुंग्यांना माझी ओळख नाही. कोणी येईना. दूधवाला गेला, शाळेची बस गेली. ऊन पायावर आलं तेव्हा एक मुंगी आली, पिठाभोवती फिरली, पळत परत गेली आणि मग दहा घेऊन आली. तेव्हाच उठले. गुडघे धरले होते, पण उठले.

घरी आले तर मोना दारात.

"इतका वेळ?"

"नवीन गिऱ्हाईक आहे. वेळ लागतो."

त्यानंतर मोना रोज मला छतावर जाऊ द्यायची नाही. म्हणायची, तुम्ही बघून बघून त्याला नजर लावाल. स्वतःच थाळीतलं पाणी बदलायची आणि आठवड्यातून एकदा फवारा मारायची. पंचवीस दिवस खुंटं तशीच, चुलीतल्या लाकडांसारखी. सव्विसाव्या दिवशी तिनं मला वरून हाक मारली. तिनं भिंग धरलं आणि मी बघितलं. एका खुंटाच्या डोळ्यातून तांबूस, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी फुटत होतं. स्वच्छ. दुसऱ्याला दोन. तिसरं आणि चौथं मेलं होतं, मोडून बघितलं तर आत कोरडं.

मी तिथेच बसून दुर्गीला फोन लावला.

"दुर्गे, पावसात ये, पण यंदा फांदी मागू नकोस. झाड मरता मरता राहिलंय."

"का गं? काय झालं?"

सगळं सांगितलं. मग तिचं हसू ऐकू आलं, तेच, लहानपणी राखेचं टोपलं सांडलं की हसायची ते.

"म्हणजे तात्या खरे होते."

"हो."

"काय म्हणालीस? पुन्हा म्हण. थांब, स्पीकर लावते, घरात सगळ्यांना ऐकू दे."

"तात्या खरे होते," मी जोरात म्हटलं. मोना बघत होती, बघू दे. "आणि मी त्यांना पिठावरून बोलले ते चूक होतं."

दुर्गी नाक ओढून म्हणाली, "ताई, पुढच्या पावसापर्यंत मी सत्तरीला येईन."

"मी आलेच आहे. कोपरा उघडा ठेव. मुलाला सांग, त्याच्यावर फरशी घातलीस तर मावशी देवासहून येईल."