न गळणारा पिपा

मित्रांनो, मी एक जुना घासलेटचा पिपा आहे. यवतमाळच्या कापूस बाजारामागे जी छोटी बाग आहे, तिच्या कुंपणाशी मी पडलेलो असतो. तुम्ही येता, चपला काढता, पिंपळाखाली डोळे मिटून बसता. बाहेर कापसाच्या बैलबंड्या, हमालांची ओरड, सरकी काढणाऱ्या जिनाचा भोंगा. आत मात्र पानांची सळसळ ऐकू येते. तुम्हाला इथे शांत वाटतं. मला अजूनही भीती वाटते. का, ते आज सांगूनच टाकतो.

मी झाळून पक्का केलेला पिपा. दुकानदार मला ठोकून गिऱ्हाइकांना सांगायचा, "थेंब गळत नाही!" त्या कौतुकानं मी फुगून गेलो होतो. माझ्या शेजारच्या पिप्याला गंजून भोक पडलं, तेव्हा त्याला कापून, ठोकून सपाट केलं आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलं. तेव्हापासून मी भोकाची धास्तीच घेतली.

जिनात हमाली करणाऱ्या नागोरावांनी छप्पन साली वस्तीबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी नागपूरहून पिंपळाचं वीतभर रोप आणलं, बसमध्ये सारा वेळ मांडीवर धरून. बागेची जागा अजून दगडधोंड्यांची होती, बकऱ्या मोकाट फिरत. म्हणून त्यांनी दुकानातून मला रिकामा विकत आणून, चिंचेनं नि राखेनं घासून, उन्हात वाळवून, माझ्यात माती भरली आणि रोप लावलं. संध्याकाळी पंचवीस-तीस माणसं माझ्याभोवती डोळे मिटून बसत. मी अगदी ऐटीत असे.

येणारा प्रत्येक जण ओंजळभर पाणी घाली. आपला हात मागे राहू नये, असं सगळ्यांनाच वाटे. काळी माती, त्यात मी न गळणारा! महिन्याभरात माझ्या पोटात चिखल झाला नि मुळं कुजू लागली. मला तो वास येत होता, पण सांगायला तोंड नव्हतं. पानं पिवळी पडली, तशी लोकांनी आणखी पाणी घातलं.

मग कुजबुज सुरू झाली. नागोरावांच्या पत्नी तुळसाबाई एकदा हळूच म्हणाल्या, "घरातले देव सोडले, त्याचा कोप तं नसंल ना हा? मले लय भेव वाटून राह्यलं."

बसायला येणारी माणसं रोज कमी होऊ लागली. रोप मेलं तर ही बैठकच मोडणार, हे सगळ्यांना कळत होतं.

तेवढ्यात नेरहून नागोरावांची थोरली बहीण रुखमाबाई आली. मिरची-वांग्याची रोपं जगवण्यात तिचं आयुष्य गेलेलं. तिनं मातीत बोट खुपसलं, हुंगलं.

"काहून रे, बुडवून राह्यले का याले? कोप नाही न काही नाही. पानी जायले वाटच नाही. खिळा आन."

"पन बाई, पिपा खराब होईन," नागोराव म्हणाले.

"तुले पिपा जगवाचा हाय का झाड?"

मला आडवं केलं. खिळा तळाला टेकला आणि भीतीनं माझा जीव अर्धा झाला. पहिल्या घावाला पत्रा नुसता वाजला, दुसऱ्याला फाटला. काळं, घाण पाणी भळाभळा वाहिलं. रुखमाबाईनं आणखी चार भोकं पाडली. त्या पाण्याकडे बघत तुळसाबाई रडू लागल्या.

"भेवापायी मीच रोज दोन तांबे घालत होती वो, बाई!"

तीन आठवड्यांनी तांबूस कोवळं पान फुटलं. माणसं परतली. पावसाळ्यात रोप जमिनीत गेलं आणि मी कुंपणाशी. याला आता दहा वर्षं झाली.

मित्रांनो, भंगारवाल्याची हाक आली की मी आजही अंग चोरतो. पण मला खरी भीती वाटते ती माझ्याच मनाची. त्या दिवशी मला वाचा असती, तर 'मला भोक पाडू नका' एवढंच मी ओरडलो असतो. रोप माझ्याच पोटात मरत होतं आणि मी पत्र्याची काळजी करत होतो. म्हणून विनवतो, ज्याला जीव लावाल, त्याच्या मुळाशी आधी बोट घालून बघा. आणि भीती वाटलीच, तर ती कुणासाठी वाटते आहे, हे स्वतःला एकदा विचारा.