पुसलेले हसू

मी एक जुने चित्र आहे. भिंतभर रुंद, कापडावर तैलरंगात रंगवलेले. हंगेरीत, टिसा नदीकाठच्या एका गावी मी जन्मले. माझ्यात एका राजघराण्यातले लग्न लागते आहे. नवरा नऊ वर्षांचा, नवरी सात.

मित्रांनो, नगरपालिकेने लग्न नोंदवण्याच्या दालनासाठी मला करवून घेतले. माझा चित्रकार गेर्गेय. नवरीसाठी त्याने धोबिणीच्या इलकाला समोर उभे केले. अंगावर भरजरी झगा, डोक्यावर पितळी मुकुट. घटकाभरातच पोरीचे डोळे भरून आले.

"काय झालं गं?" त्याने विचारले.

"आई कुठं उभी राहणार, काका?"

राण्यांच्या लग्नात आईला मागे ठेवतात, हे तिला कसे सांगायचे? गेर्गेयने कुंचला उचलला. त्याने तो चेहरा जसाच्या तसा उतरवला.

नगराध्यक्ष मला बघायला आले आणि त्यांचा पारा चढला. लग्नाच्या दालनात रडकी नवरी चालायची नाही, हिला हसवा, असे त्यांनी बजावले. गेर्गेयने साफ नकार दिला आणि गाव सोडले. मग दुसऱ्याच कोणा चित्रकाराने येऊन इलकाच्या ओठांवर हसू चढवले, डोळ्यांतले पाणी झाकले.

त्या हसण्याचे फार कौतुक झाले. माझ्यापुढे शेकडो जोडपी उभी राहिली. पुढे युद्ध आले, तेव्हा मला गुंडाळून कोळशाच्या तळघरात टाकले. तिथे ओल लागली, उंदरांनी एक कोपरा कुरतडला. कैक वर्षांनी मला संग्रहालयात आणले, तेव्हा मी काळेठिक्कर पडले होते.

मला साफ करायला पिरोश्का आली. हातात कापसाचा बोळा, बोलणे मोजके. नवरीच्या ओठाचा कोपरा पुसताना हसू सुटून बोळ्यावर आले आणि खाली रडवेला ओठ दिसला. तिने तिथेच हात थांबवला आणि संग्रहालयाच्या प्रमुखांना बोलावले.

प्रमुख हादरले. "हे हसूसुद्धा आता शंभर वर्षांचं झालंय, बाई. गाव हिला हसरी नवरी म्हणून ओळखतं. राहू द्या."

"मग काम दुसऱ्याला द्या," पिरोश्का म्हणाली. "मी हे हसू परत रंगवणार नाही."

दारापाशी खुर्चीवर, रोजच्यासारखी माझ्याकडे पाठ करून, रोझी आजी बसली होती. दालनाची राखण करणारी, पंचाहत्तरी ओलांडलेली. ती काठी टेकत पुढे आली.

"साहेब, सोळाव्या वर्षी लग्नासाठी मला हिच्यापुढे उभं केलं होतं. मी रडत होते. बाप म्हणाला, ती बघ, एवढीशी पोर हसतेय, आणि तुझीच कसली नाटकं? मी डोळे पुसले आणि सही केली."

प्रमुखांनी बोळ्यावर आलेला रंग निरखून पाहिला. मग पिरोश्काला म्हणाले, "किती दिवस लागतील?"

अकरा आठवडे लागले. नखाएवढा भाग रोज मोकळा होई. शेवटच्या दिवशी आजी माझ्यापुढे आली. इलकाच्या भरल्या डोळ्यांकडे तिने बघितले आणि माझ्याकडे पाठ न करता खुर्ची तिथेच ओढून घेतली.

आता मला बघून काही लोक हिरमुसतात. हिरमुसू देत. मी मागे हटणार नाही.

मित्रांनो, जुन्या चित्रांना ओल आणि धुरापासून जपा, त्यांना ओल्या फडक्याने पुसू नका. आणि खरे दिसते ते गोड करायला कोणी कुंचला घेऊन आला, तर त्याचा हात धरा.