सही केलेला बायोडेटा

"सही खंय करू?" लवूकाकांनी विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत खिशातलं पेन काढून टोपण उघडलंसुद्धा.

"सही नकोय, काका. त्यांनी वर्डची फाइल मागितलीय. मी इथूनच मेल करते."

"सहीशिवाय?" मी त्यांना नुसत्या बनियनवर मुलाखतीला पाठवत असल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

घाटकोपरला भटवाडीत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. लवू परब समोरच्याच चाळीत राहतात. साकीनाक्याला व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात ते एकोणतीस वर्षं स्टोअरकीपर होते. मार्चमध्ये मालकाने मशिनं उचलून गुजरातला नेली, माणसं इथेच ठेवली. तेव्हापासून काका घरी. पहिल्या महिन्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना लेबलं लावली, दुसऱ्या महिन्यात ती काढून नवी लावली. त्यांची बायको, प्रेमाकाकू, हे मला गंमत म्हणून सांगायला आल्या आणि सांगता सांगता रडायला लागल्या. मी त्यांना चहा दिला. दुसरं काय करणार?

आणि आता पाच महिन्यांनी एक जागा निघाली होती. काकांच्या हाताखाली शिकलेला सुबोध मुलुंडच्या एका मोठ्या गोदामात होता. तिथे स्टोअरकीपर हवा होता, अनुभवी, वयाची अट नाही. सुबोधने वरती शब्दही टाकला होता. फक्त अर्ज अंधेरीच्या एका भरती कार्यालयामार्फत जायला हवा होता, शनिवारच्या आत, वर्ड फाइलमध्ये. छप्पन्नाव्या वर्षी अशी जागा दुसऱ्यांदा चालून येत नाही, हे काकांना ठाऊक होतं आणि मलाही.

"नलिनी, माका एक सांग. वर्डमधलो मजकूर कोणी बदलू शकता काय नाय?"

"शकतं."

"मग? उद्या कोणी एकोणतीसची एकवीस वर्षां केली तर? नाव माझा आणि कागद भलत्याचो. पीडीएफ कर. आणि सही होयीच. अगो, कारखान्यात एकदा मालकाचो मेवणो माल न्हेऊक टेम्पो घेऊन गेटवर अर्धो तास उभो होतो. मी म्हटलंय, सही कर नि जा. सहीशिवाय साधो नट भायेर जावक नाय माझ्या हातातसून."

मी म्हटलं, काका, मेवण्याचं वेगळं आणि हे वेगळं. पण ते ऐकतात कसले. वरील माहिती खरी आहे अशी ओळ त्यांनी शेवटी घालायला लावली, खाली स्थळ आणि तारीख. मी प्रिंट काढली. त्यांनी ती दोनदा वाचली, काउंटरवरचे माझे कागद बाजूला सारले आणि सही केली. लवू सोनू परब. पूर्ण नाव, एकही अक्षर न खाता. मी तो कागद स्कॅन केला, त्याची पीडीएफ बनवली आणि पाठवून दिली.

मी ऐकायला नको होतं. इतकी वर्षं हा धंदा करतेय, वर्ड मागितलं की वर्डच द्यायचं हे मला कळत नव्हतं असं नाही. पण खरं सांगते, मला ती सही आवडली. तो कागद त्या सहीसकट कोणीतरी बघावा असं मलाही वाटलं.

दहा दिवस फोन नाही. अकराव्या दिवशी सुबोधने काकांना सांगितलं की, यादी आली, तिच्यात तुमचं नावच नाही. काका थेट दुकानात आले. मी अंधेरीला फोन लावला आणि त्यांनाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. अबोली नावाची मुलगी बोलत होती.

"लवू परब ना... एक मिनिट हां. मेल आलाय मॅडम, पण सिस्टममध्ये प्रोफाइल ब्लँक आहे."

"ब्लँक म्हणजे?"

"रिकामं. नाव नाही, एक्सपीरियन्स झिरो. तुम्ही स्कॅन पाठवलंत ना, तो फोटो झाला. आमची सिस्टम फोटो वाचत नाही, त्यामुळे ते आपोआप बाजूला पडलं. म्हणून तर वर्ड मागतो आम्ही."

"आत्ता पाठवते. पाच मिनिटांत."

"जागा भरली मॅडम. सोमवारीच. सॉरी हां."

मुलगी बोलायला चांगली होती. तिच्यावर राग काढायचीही सोय नव्हती. फोन ठेवला तेव्हा काका लॅमिनेशनच्या मशीनजवळ उभे होते.

"झिरो म्हणाली काय गो ती?"

"मशीनने तसं धरलं, काका. माणसाने तुमचा कागद बघितलाच नाही. चूक माझी आहे."

"तुझी कसली? तू सांगितलंस. मी आयकूक नाय."

त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते म्हणाले, "आता वर्डमध्ये कर." त्यांच्यासमोर मी फाइलमधला त्यांचा फोटो काढून टाकला, मजकुराभोवतीची चौकट काढून टाकली, खालची ती ओळही. त्या महिन्यात आम्ही सहा ठिकाणी पाठवलं. एका ठिकाणाहून फोन आला, वय विचारलं आणि नंतर कळवतो म्हणाले. पुढे काकांनी यायचं सोडलं. समोरून जाताना मान हलवायचे, एवढंच.

दिवाळीनंतर एका सकाळी ते त्यांच्याच मजल्यावरच्या संघमित्राला घेऊन आले. मुलगी नुकतीच बीकॉम झालेली, सर्टिफिकेटांची फाइल छातीशी धरून उभी. काकांनी तिला स्टुलावर बसवलं.

"हिचो बायोडेटा करूचो आसा. वर्डमध्ये. चौकटी नको, फुला नको."

मी टाइप करत गेले. काका मागे उभं राहून एकेक तारीख तिच्या सर्टिफिकेटाशी ताडून बघत होते. एका ठिकाणी मी वर्ष चुकले, ते त्यांनी लगेच पकडलं. शेवटाला आल्यावर संघमित्राने विचारलं, "खाली सही लागते ना? आम्हाला कॉलेजमध्ये तसं सांगितलेलं."

"नाय लागत," काका म्हणाले.

"तुमचं आणखी कुठे पाठवू का?" मी हळूच विचारलं. "फाइल आहे माझ्याकडे."

"रवांदे."

"काका, तुमचापण बायोडेटा आहे इथे?" पोरीने सहज विचारलं.

"आसा तर."

"मग आला का कुणाचा फोन?"

काकांनी तिची सर्टिफिकेटं एकाखाली एक नीट लावली आणि फाइलमध्ये सरकवली.

"नलिनीन वाचल्यान तो," ते म्हणाले. "पयल्यापासून शेवटपर्यंत."

मी स्क्रीनकडे तोंड केलं आणि तिच्या शाळेचं नाव पुन्हा तपासत बसले.