पिठाचे हात

आमच्या ह्यांनी उभा जन्म माती चोळण्यात घालवला. नोकरीच तशी. माती सर्वेक्षणाचं कार्यालय. रानोमाळ हिंडून खड्डे खणायचे, मातीचे थर बघायचे, चिमूटभर माती ओली करून अंगठ्याने बोटावरून पुढे सरकवायची. लांब पट्टी निघाली तर चिकण, लगेच तुटली तर वाळू, रेशमासारखी लागली तर गाळ. त्यावरून नकाशा होतो आणि नकाशावरून ठरतं की इथे घरं बांधा, इथे शेती राहू दे, इथल्या झाडांना हात लावू नका. प्रयोगशाळेत एखाददुसरी पिशवी जाते. बाकी सगळा कारभार बोटांच्या भरवशावर.

आणि ह्यांची बोटंच गेली. कापली-बिपली नाहीत, साखरेच्या आजाराने बधिर झाली. मी घरच्या भट्टीत पाव भाजून विकते. एका सकाळी ह्यांनी भट्टीतला तापलेला पत्रा फडक्याशिवाय उचलला आणि शांतपणे विचारलं, "हा कुठे ठेवू?"

मी अशी किंचाळले की शेजारची बाई धावत आली. तिला काहीतरी थाप मारून वाटेला लावलं आणि ह्यांचे हात गार पाण्यात बुडवले. बोटांना फोड आले होते आणि हे आपल्याच हातांकडे दुसऱ्याचे असावेत तसे बघत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाले बरेच महिने. ऑफिसात बोलू नकोस. एवढा एक नकाशा झाला की निवृत्तीच आहे."

"आणि माती कशी ओळखता?"

"रंग बघतो. अंदाज करतो."

अंदाज! माझ्या पावात मीठ अंदाजाने पडलं तर हा माणूस दिवसभर तोंड वाकडं करतो. मी बोलणार होते, पण ह्यांचा चेहरा बघून गप्प बसले. जिभेवर ताबा ठेवायची मला सवय नाही, त्यामुळे ते बरंच जड गेलं.

दुसऱ्या दिवसापासून मातीच्या पिशव्या घरी यायला लागल्या. "तू रोज पीठ मळतेस," हे म्हणाले, "तुझ्या बोटांना कळेल." आधी प्रयोगशाळेत तपासलेली माती आणून मला शिकवलं. कानाजवळ चोळून बघ, वाळू कुरकुरते. जास्त पाणी घालू नकोस, फसवते. खोटं कशाला सांगू, मला मजा यायला लागली. इतकी वर्षं ह्यांचे चिखलाचे बूट दाराबाहेर फेकण्यात गेली आणि आता एका टेबलाशी समोरासमोर बसून आम्ही चिखल चोळत होतो. हे विचारायचे, मी सांगायची, हे लिहून घ्यायचे. लग्न झाल्यापासून आम्ही एवढं बोललो नव्हतो.

मग एका वसाहतीच्या वरच्या उताराची पाळी आली. तिथे नवीन घरं बांधायचं घाटत होतं. प्रत्येक घराला सांडपाणी जिरवायला शोषखड्डा असणार, आणि उताराच्या पायथ्याशी वसाहतीच्या विहिरी. माती सांडपाणी सावकाश गाळून सोडणारी असेल तर हरकत नाही. वाळूची असेल तर घाण सरळ विहिरीत. उताराच्या सगळ्या पिशव्या एकाच दिवशी आल्या आणि नेमकी त्याच दिवशी माझ्याकडे पावांची मोठी मागणी होती. पीठ मळता मळता मी हात पाण्याखाली धरले, फडक्याला पुसले आणि बसले. सगळ्या पिशव्यांच्या पट्ट्या छान लांब निघाल्या.

"चिकणसर," मी म्हटलं. "चांगली धरते."

"नक्की?"

"आता काय शपथ घेऊ? माझा पाव फुगून बसलाय."

ह्यांनी लिहिलं. नकाशा गेला. उतार घरांसाठी योग्य ठरला.

उरलेली माती मी खिडकीतल्या रिकाम्या कुंडीत ओतली आणि एक रोप लावलं. आठवड्याभरात ते मान टाकायला लागलं. पाणी घालावं, तर वरून ओतलेलं क्षणात खालून ओट्यावर. पुन्हा घातलं, पुन्हा तेच. मी ओटा पुसत रोपावर चिडले, कुंडीवर चिडले आणि मग फडकं हातात तसंच राहिलं. चांगली धरणारी माती ना ही? मग पाणी का धरत नाही?

मी हात साबणाने घासले, नखांतसुद्धा, आणि कुंडीतली माती चोळली. पट्टी निघेचना. कानाशी धरली तर कुरकुरली.

त्या दिवशी पट्टी मातीची नव्हती. माझ्या नखांतल्या, बोटांच्या रेषांतल्या पिठाने वाळू चिकटवून धरली होती. ही विहिरींची गोष्ट होती. त्या पाण्यात वसाहतीतली माणसं लेकरांचं दूध कालवतात.

हे घरी आले तेव्हा मी कुंडी टेबलावर ठेवली आणि त्यांच्यासमोर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी टेबलावरून त्यांच्या मांडीवर आलं. काही सांगावं लागलं नाही.

"ऑफिसात दुसरं कारण सांगता येईल," हे म्हणाले. "पिशव्यांची अदलाबदल झाली म्हणून."

"सांगा की. म्हणजे उरलेल्या सगळ्या पिशव्या खऱ्या ठरतील. त्याही मीच चोळल्यात." माझा आवाज चढला. "अहो, मी तुमची बोटं व्हायला तयार आहे. तुमची थाप व्हायला नाही."

सकाळी हे शर्ट घालायला लागले तेव्हा बटणं नेहमीसारखी वरखाली लागली. मी ती नीट लावली आणि चपला घालून बरोबर निघाले.

ऑफिसातल्या मुख्य मॅडम ह्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. ह्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं, पिठासकट. मॅडमनी ऐकून घेतलं. चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

"सर, मला सांगायचंत ना."

"तुला पहिल्या दिवशी म्हणालो होतो, बोटांशी खोटं बोलू नकोस. मग तुझ्याकडे कुठल्या तोंडाने येऊ?"

"नकाशा परत मागवते," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या हाताच्या नोंदी मी आता धरू शकत नाही, सर. ह्या वर्षाच्या सगळ्या पुन्हा कराव्या लागतील."

हे मान हलवून 'बरोबर आहे' म्हणाले. मला त्या बाईचा राग आला आणि ती बरोबर आहे ह्याचा त्याहून जास्त आला.

उतारावर मीही गेले, कोणी बोलावलं नसताना. खड्डा छातीएवढा खणला होता. हे आत उतरले. मॅडमनी काठावर बसून माती चोळली. पट्टी तुटली. खालची घेतली, तीही तुटली. ह्यांनी आतून झाडाची मुळं दाखवली. ओल शोधत सरळ खाली गेलेली. "वरती पाणी थांबतच नाही," हे म्हणाले. "झाडं आहेत म्हणून ही माती जागेवर आहे. ती काढलीत तर मातीही खाली येईल."

मॅडमनी नकाशावरची जुनी रेघ खोडली आणि उतार झाडांसाठी राखून ठेवला. खाली वसाहतीत एक बाई विहिरीवर बादल्या भरत होती. तिला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला आणि भर उन्हात मला रडू फुटलं.

हे मात्र खड्ड्यातच उभे होते. हा आपला शेवटचा खड्डा आहे हे त्यांना कळलं होतं. त्यांनी थराथरावरून एकदा नजर फिरवली आणि हात वर केला.

मी त्यांची बोटं पकडली. हे दुसरीकडेच बघत होते.

"अगं, धर ना," हे म्हणाले.

मी धरलेलीच होती.

ह्यांनी वळून पाहिलं, माझ्या मुठीतली आपली बोटं पाहिली.

"मनगटाला धर," हे हळूच म्हणाले. "तिथं कळतं."