गाडीची नाडी पाहणारे अप्पा

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. हार, लिंबं, उदबत्त्यांचा धूर, आणि बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या बड्या कंपन्यांत परदेशी बँकांचे संगणक सांभाळणारी माणसं चपला काढून हात जोडून उभी. मधोमध नाडीअप्पा, भगवी लुंगी नेसलेले.

नाडीअप्पा माणसांची नाडी पाहत नाहीत, गाडीची पाहतात. आधी त्यांचा शिष्य आत वाकून स्टिअरिंगला विभूती लावतो. अप्पा गाडीला ओवाळतात. मग आज्ञा होते, "किल्ली फिरवा. इंजिन नको, नुसती किल्ली." बॉनेटवर एक हात, दुसऱ्या हातात फुलांनी भरलेलं तबक. तबकात डोकावून अप्पा कण्हतात, "हिच्या तिसऱ्या सिलिंडरात राहू बसलाय रे!" मालक हादरतो, कारण गॅरेजवाल्यानंही तिसऱ्याचंच नाव घेतलेलं असतं. मग मंत्र, फुंकर, आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा फट्‌दिशी विझतो. गर्दी जयजयकार करते. एकदोघांच्या डोळ्यांत पाणीही येतं.

माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं, डोक्यात संताप होता. मी मूळची निपाणीची, जवळच्या आनेकलच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये संताजीअण्णा आणि त्यांच्या पत्नी कौशल्याअक्का राहतात. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत मुरलेलं. अक्कांच्या किडन्या निकामी झाल्यात. डायलिसिससाठी इंदिरानगरच्या बाजूला जावं लागतं, आणि जायला ही एक जुनी गाडी.

गेल्या महिन्यात त्या गाडीचा पिवळा दिवा लागला. अप्पा म्हणाले, "इंजिनाला वारा घालणारा पंखा रुसलाय." फुंकर मारली, दिवा गेला. अण्णा खूश! पुढच्याच खेपेला सिग्नलच्या तुंबलेल्या रांगेत दुसरा, इंजिन तापल्याचा तांबडा दिवा पेटला, तेव्हा अण्णा थांबले नाहीत. अप्पांचं नाव घेत राहिले. इंजिन उकळलं, वाफा आल्या, गाडी भर रस्त्यात मेली. अक्का उन्हात फुटपाथवर बसून राहिल्या. डायलिसिस चुकलं, रात्री छातीत पाणी भरलं आणि त्या थेट अतिदक्षता विभागात. वाचल्या, एवढंच म्हणायचं.

नळी बदलून, पाणी भरून गाडी परत आली. पंख्याचं नाव कुणी घेतलं नाही, कारण पंखा अप्पांनी बरा केला होता ना! दोन दिवसांत पिवळा दिवा पुन्हा हजर. अण्णांनी काय करावं? अप्पांनाच पुन्हा बोलावलं.

"अण्णा, गाडी गॅरेजला दाखवा हो," मी हातापाया पडले.

"तू गप ग शालन. दोष मुळातनं निघाला नव्हता. माझीच सेवा स्वल्प कमी पडली. आज निघतोय बघ. उद्या हिला त्याच गाडीतनं नेणार."

उद्या! म्हणजे पुन्हा तोच रस्ता, तीच रांग, आणि शेजारी अक्का.

शिष्य नेमका स्टिअरिंगखालीच का वाकतो, हे मला ठाऊक होतं. तिथं गाडीच्या संगणकाचं सॉकेट असतं. त्यात बसणारं काडेपेटीएवढं यंत्र माझ्या घरीही आहे. ते गाडीतला बिघाड आणि इंजिनाचं तापमान ब्लूटूथनं मोबाईलवर दाखवतं. दुकानात कुणालाही मिळतं.

शिष्य विभूती लावून बाजूला झाला. अप्पा ओवाळण्यात रंगले. मी अण्णांना म्हटलं, "अक्कांची शाल आत राहिलीय." वाकले, शिष्यानं तिथं खोचलेलं यंत्र उपटलं, शालीत गुंडाळलं आणि शेजारी उभ्या माझ्या गाडीत खोचलं. मी नुकतीच आनेकलहून आले होते, इंजिन तापलेलं. किल्ली फिरवून ठेवली आणि गर्दीत येऊन उभी राहिले.

अप्पांनी अण्णांच्या बॉनेटवर हात ठेवला, तबकात पाहिलं आणि ओरडले, "अबब! पित्त खवळलंय! चौऱ्याण्णव अंश ताप! हात भाजतोय माझा!"

"कुठं भाजतोय?" मी पुढे होऊन तळवा बॉनेटवर टेकला. "अण्णा, हात लावा. ही गाडी काल रात्रीपासून जागची हललेली नाही."

अण्णांनी हात लावला. गार होतं. मागचे दोघेचौघे पुढे आले, त्यांनीही लावला.

"सूक्ष्म ताप आहे हा," अप्पा म्हणाले. "पाप्याला लागत नाही."

"लागतो की. माझ्या गाडीला हात लावा." मी तबकातली फुलं बाजूला सारली. खाली मोबाईल होता, पडद्यावर चौऱ्याण्णव. मी माझ्या गाडीतलं यंत्र ओढून काढलं, तसा आकडा गेला. "दिवाही या मोबाईलमधल्याच एका बटणानं विझतो. बिघाडाची नोंद पुसली जाते, बिघाड तिथंच राहतो. पंखा रुसलेला नाही, बंद पडलाय. यांना ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं!"

अप्पा मोबाईल उचलून शिष्यासह सटकले. त्यांना कुणी अडवलं नाही. उलट आमचे सेक्रेटरी महांतेश, मोठ्या कंपनीतले मॅनेजर, मला म्हणाले, "मॅडम, सरी, बरोबर आहे तुमचं. पण दिवा तर विझतो ना?"

यांच्या ऑफिसात तक्रार पडद्यावरून गेली की काम झालं असं धरतात. यांना काय समजावू?

उत्तर अक्कांनी दिलं. भिंतीजवळच्या खुर्चीवर त्या बसल्या होत्या, पाय सुजलेले.

"पुसून बरं होत असतं तर मी माझे रिपोर्ट कधीच फाडले असते की, महांतेश." मग नवऱ्याकडे वळल्या. "अहो, त्या अप्पाला ठाऊक होतं पंखा बंद आहे. तरी त्यानं मला त्या गाडीत बसू दिलं."

अण्णांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी अक्का रिक्षानं गेल्या आणि गाडी गॅरेजला गेली.

एवढ्यावर शहाणपण आलं असेल असं वाटतं? संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मागच्या इमारतीतल्या एका इंजिनिअरनं अप्पांचा नंबर मागितला, आणि आमच्याच मजल्यावरच्यानं तो दिला.

म्हणून हात जोडून सांगते. गाडीतला दिवा कुणी शाप म्हणून लावलेला नसतो, माणूस वाचावा म्हणून लावलेला असतो. तो लागला की का लागला ते विचारा, यंत्रानं तपासा, तपासता येत नसेल तर दुरुस्तीला न्या. तो नुसता विझवून देणाऱ्याच्या पाया पडायचं असेल, तर खुशाल पडा. फक्त त्या गाडीत आजारी माणसाला बसवू नका.